मांचू राजवटीतील अधिकाऱ्याची कारकीर्द कशी वाचावी

इंदूरमध्ये बसून इतिहास वाचणाऱ्याची चिनी नोकरशाहीशी पहिली गाठ बहुधा अफूच्या निमित्ताने पडते. माळव्यात पिकणारी अफू होळकर आणि शिंदे यांच्या मुलखातील सावकार खरेदी करीत, 1830 नंतर इंदूरला कंपनी सरकारच्या परवान्याची रक्कम भरून ती मुंबईला जाई आणि तिथून जहाजाने कँटनला पोहोचे. 1839 च्या जूनमध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून ताब्यात घेतलेल्या 20,000 हून अधिक पेट्या हूमन येथे नष्ट करविल्या, त्यांत बंगालच्या मालाबरोबर माळव्याचा मालही होता. हा लिन झेशू कोण, असे शोधू लागले की संदर्भग्रंथात साधारण अशी एक ओळ हाती लागते : फूजियान प्रांताचा, 1811 चा जिनशी (सर्वांत वरची परीक्षा उत्तीर्ण), हानलिन, पुढे जिआंगसूचा राज्यपाल, हूग्वांगचा (दोन प्रांतांचा) महाराज्यपाल, 1838 अखेरीस शाही आयुक्त.

ही ओळ वाचून बहुतेक विद्यार्थी लिहून मोकळे होतात की लिन परीक्षा उत्तीर्ण झाला आणि राज्यपाल बनला. तो 1811 मध्ये उत्तीर्ण झाला आणि 1832 मध्ये राज्यपाल झाला. मधल्या एकवीस वर्षांचा हिशेब या विधानात कुठेच नाही. मांचू म्हणजेच चिंग घराण्याच्या काळात, 1644 ते 1912 या दरम्यान, परीक्षेने माणसाला पात्रता मिळे. खुर्ची मिळे ती निराळ्या खात्यातून, निराळ्या नियमांनी आणि पुष्कळदा बऱ्याच वर्षांनी. परीक्षा घेणे हे विधी मंत्रालयाचे काम होते, तर नेमणुका मुलकी सेवा मंत्रालयाकडे होत्या. या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरून कोणत्याही चिंग अधिकाऱ्याची कारकीर्द उलगडावी कशी, ते पुढे सांगितले आहे.

प्रथम एका आडव्या कागदावर सहा रकाने आखावेत : गट, पदवी, दर्जा, पद, नेमणुकीची रीत आणि खंड (सेवेतला रिकामा काळ). चरित्रातील प्रत्येक तपशील यांपैकी कोणत्या तरी एकाच रकान्यात बसला पाहिजे. एखादा तपशील दोन रकान्यांत बसतोसा वाटला, तर तो नीट समजलेला नाही असे धरून चालावे. नावांच्या बाबतीतही सुरुवातीलाच सावध राहावे. जुन्या इंग्रजी ग्रंथांतील लिपीपद्धती आणि आजची पद्धती वेगळ्या असल्यामुळे लिन झेशू आणि लिन त्से-शू अशी दोन रूपे भेटतात. माणूस एकच असतो. विद्यार्थ्यांनी एकाच अधिकाऱ्याचे दोन अधिकारी केलेले तक्ते मी पाहिले आहेत.

गटाचा रकाना आधी भरावा, कारण त्यावर पुढचे सगळे अवलंबून असते. मांचूंची लष्करी-सामाजिक रचना आठ ध्वजांमध्ये विभागलेली होती, आणि त्यांत मांचू, मंगोल व ध्वजांत सामील झालेले हान, म्हणजे वंशाने चिनी, असे तीन प्रकारचे लोक होते. सरकारी जागाही गटवार राखून ठेवलेल्या असत : काही मांचूंसाठी, काही मंगोलांसाठी, काही ध्वजांतील हानांसाठी आणि काही सामान्य हानांसाठी. सहाही मंत्रालयांना दोन-दोन मंत्री असत, एक मांचू आणि एक हान. राजधानीत मांचूंच्या जागा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फारच जास्त होत्या, तर परगण्याच्या पातळीवर हान पदवीधरांचा भरणा असे. ध्वजातल्या तरुणाला परीक्षेचे दार उघडे होतेच (मात्र त्याला आधी घोडेस्वारी आणि तिरंदाजीची चाचणी द्यावी लागे), शिवाय त्याला आणखी दारे होती. मंत्रालयात भाषांतर करणारा कारकून म्हणून लागावे, राजवाड्याच्या पहाऱ्यावर रुजू व्हावे, किंवा वाडवडिलांच्या हुद्द्याच्या जोरावर थेट मंत्रालयात शिरावे. लिनच्या जागी 1840 मध्ये कँटनला आलेला चीशान याच शेवटच्या मार्गाने आला होता. तो मांचू ध्वजातील, वंशाने मंगोल बोर्जिगित कुळातला, वारसाहक्काने सरदारकी मिळालेला. विशीच्या आतच तो न्यायदंड मंत्रालयात होता. त्याचा पदवीचा रकाना कोरा राहील आणि तो कोराच ठेवावा. एकाच वाटाघाटीच्या टेबलाशी पाठोपाठ बसलेले हे दोन अधिकारी किती वेगळ्या वाटांनी तिथवर आले, हे त्या कोऱ्या चौकटीइतके स्पष्ट दुसरे काहीही सांगत नाही.

ध्वजातला माणूस परीक्षेत वर येतच नसे असा मात्र याचा अर्थ नव्हे. 1865 मध्ये पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेला चोंगची मंगोल ध्वजातला होता आणि पुढे सम्राट तोंगचीचा सासरा झाला. पण तो अपवाद म्हणूनच प्रसिद्ध आहे.

आता पदवी. इंदूरच्या भंवरकुवा भागातल्या स्पर्धापरीक्षांच्या क्लासमधून आलेला मुलगा ही रचना ऐकली की लगेच प्रीलिम्स, मेन्स, इंटरव्ह्यू अशी जोडणी लावतो. ती मोडून काढणे हे शिकवणाऱ्याचे पहिले काम, कारण आपल्याकडच्या लोकसेवा आयोगाच्या पायऱ्या एकाच भरतीच्या असतात आणि शेवटची ओलांडल्याशिवाय आधीच्यांना किंमत नसते. चिंग काळातली प्रत्येक पायरी ही स्वतंत्र, आयुष्यभर टिकणारी सामाजिक पत होती. सर्वांत खालची पायरी परगणा, मग जिल्हा आणि शेवटी प्रांताच्या शिक्षण आयुक्तासमोरची चाचणी, अशा तीन टप्प्यांची होती. ती पार केलेला शेंगयुआन, लोकांच्या तोंडी शिऊत्साय. त्याला शारीरिक शिक्षेपासून आणि वेठीपासून सूट मिळे, विशिष्ट पोशाख करता येई, गावात मान मिळे; नोकरी मात्र मिळत नसे. उलट ठरावीक काळाने पुन्हा चाचण्या देऊन त्याला आपली पत राखावी लागे. तायपिंग बंडाचा नेता होंग शिऊच्वान ही पहिली पायरी चढण्यासाठी चार वेळा कँटनच्या परीक्षेला बसला आणि चारही वेळा नापास झाला.

दुसरी पायरी प्रांतिक परीक्षा. ती दर तीन वर्षांनी प्रांताच्या राजधानीत चांद्र आठव्या महिन्यात होई आणि तिच्यात निवडला गेलेला तो ज्युरन. प्रत्येक प्रांताच्या जागा ठरलेल्या असत आणि बसणाऱ्यांच्या मानाने त्या फारच थोड्या असत. तिसरी पायरी पुढच्या वर्षी वसंतात पेकिंगला होणारी राजधानीची परीक्षा. तिच्यानंतर सम्राटाच्या नावाने राजप्रासादात परीक्षा होई. त्या शेवटच्या परीक्षेत कोणाला नापास करीत नसत, फक्त क्रम लागे. क्रमाचे तीन वर्ग होते आणि पहिल्या वर्गात केवळ तीन माणसे. हे सगळे जिनशी. अडीचशेहून अधिक वर्षांत अशा 112 परीक्षा झाल्या आणि त्यांतून 27,000 च्या आतच जिनशी निघाले.

चरित्रात फक्त जिनशी एवढे लिहिले असेल, तर वर्ग कोणता ते शोधून काढावे, कारण पुढचे पुष्कळ त्यावर ठरे. पुढे तायपिंगांविरुद्ध फौज उभारणारा झेंग ग्वोफान 1838 चा जिनशी, पण तिसऱ्या वर्गातला. तरीही तो हानलिन अकादमीत, म्हणजे दरबारच्या विद्वानमंडळात, निवडला गेला.

या ठिकाणी तारखा पडताळण्याची एक सोपी युक्ती सांगतो, कारण पुस्तकांत छपाईच्या चुका असतात आणि इंटरनेटवर त्याहून अधिक. इसवी सनाच्या आकड्यातील अंकांची बेरीज करावी आणि तिला 3 ने भागावे. बाकी 1 उरली तर ते नियमित प्रांतिक परीक्षेचे वर्ष, 2 उरली तर राजधानीच्या परीक्षेचे वर्ष. लिन 1804 मध्ये ज्युरन झाला : 1, 8, 0 आणि 4 मिळून 13, बाकी 1. तो 1811 मध्ये जिनशी झाला : बेरीज 11, बाकी 2. परीक्षा दर तीन वर्षांनी, बारा वर्षांच्या चिनी चक्रातल्या ठरलेल्या वर्षी होत, म्हणून हे जुळते. जिथे जुळत नाही तिथे लगेच चूक म्हणून खोडू नये. राजघराण्यातील वाढदिवस किंवा राज्यारोहण अशा आनंदप्रसंगी जादा परीक्षा, म्हणजे अनुग्रह परीक्षा, भरवीत आणि त्यामुळे नियमित वेळापत्रकही कधी पुढे सरके. तायपिंग युद्धातून पुढे आलेला झुओ झोंगतांग 1832 चा ज्युरन आहे. हिशेबाने ते वर्ष राजधानीच्या परीक्षेचे निघते, तरी नोंद बरोबर आहे. थोर लेखक लू शून याचे आजोबा लाच देऊ पाहिल्याच्या आरोपात अडकले ती झेजियांगची प्रांतिक परीक्षा 1893 ची, बाकी शून्य. तीही अनुग्रह परीक्षाच होती. म्हणजे हिशेब चुकला की समारंभ शोधावा आणि समारंभ सापडला नाही तरच छपाईवर संशय घ्यावा.

परीक्षेच्या दालनातील पद्धतीविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण एखाद्याला वशिल्याने पदवी मिळाली असे विधान वाचताना ते कितपत शक्य होते हे ठरवावे लागते. प्रांतिक परीक्षेत उमेदवार रांगेतल्या एका उघड्या कोठडीत बसे. दोन फळ्या खाचांत अडकवलेल्या असत. एक बसायला, एक लिहायला, आणि रात्री दोन्ही एका पातळीवर आणून तीच झोपायची जागा. नानजिंगच्या परीक्षागृहात अशा 20,000 हून अधिक कोठड्या होत्या. उमेदवार काळ्या शाईने लिही. उत्तरपत्रिका जमा झाली की नावाचा भाग दुमडून चिकटवून टाकीत. मग कारकून संपूर्ण उत्तरपत्रिका लाल शाईने नव्याने उतरून काढीत, जेणेकरून परीक्षकाला हस्ताक्षर ओळखता येऊ नये. ताडून पाहणारे पिवळसर शाई वापरीत, सहपरीक्षक निळी आणि मुख्य परीक्षक काळी. कोणत्या खुणेला कोण जबाबदार हे रंगावरूनच समजे. परीक्षकापर्यंत लाल प्रतच जाई आणि निवड झाल्यावर मूळ काळ्या प्रतीशी ती पडताळून मगच नाव उघडीत. एवढा बंदोबस्त असूनही पळवाटा निघत. 1858 च्या पेकिंग परिसरातील प्रांतिक परीक्षेत उत्तरपत्रिका बदलल्याचे उघडकीला आले आणि मुख्य परीक्षक असलेला बोजुन, जो महासचिवालयातील अत्युच्च अधिकारी होता, त्याचा 1859 मध्ये शिरच्छेद झाला. तेव्हा वशिल्याचा दावा वाचला तर तो उतरवून घेण्याच्या टप्प्याआधीचा आहे की नंतरचा, हा प्रश्न विचारावा.

राजप्रासादातील परीक्षेत मात्र उत्तरपत्रिका उतरून काढीत नसत. नाव झाकलेले असे, अक्षर उघडे असे. साहजिकच तिथे सुवाच्य, घोटीव हस्ताक्षराला अतोनात महत्त्व आले, आणि माझ्या मते परीक्षापद्धतीवरची सर्वांत न्याय्य टीका हीच आहे. आठ पायांच्या, म्हणजे आठ ठरावीक भागांच्या साचेबंद निबंधावर टीकाकारांनी जेवढी शाई खर्च केली त्यातली निम्मी इकडे वळवायला हवी होती. 1761 मध्ये चाओ यी परीक्षेला बसला. तो आधीपासून सम्राटाच्या महामंडळात लेखनिक होता, म्हणून आपले अक्षर वाचक-परीक्षकांच्या ओळखीचे आहे हे जाणून त्याने मुद्दाम वळण बदलून लिहिले. त्याची उत्तरपत्रिका पहिली आलीही, पण सम्राट चियानलोंगने यादी पाहून शान्शी प्रांतातल्या वांग ज्येला पहिला केले आणि चाओ यीला तिसरा, कारण शान्शीतून या राजवटीत तोवर कोणी पहिला आलेला नव्हता. गुणानुक्रम म्हणजे केवळ गुणच, असे समजून पदवीचा रकाना वाचू नये.

पदवी कळली की नेमणुकीकडे वळावे. जिनशी झालेल्यांची आणखी एक दरबारी चाचणी होई आणि तिच्यावरून त्यांचे गट पडत. पहिला आलेला थेट हानलिन अकादमीत सहाव्या दर्जावर, दुसरा आणि तिसरा सातव्यावर. त्यांच्या मागच्यांपैकी निवडक तिथेच तीन वर्षे उमेदवारीत राहत आणि पुन्हा परीक्षा देऊन संपादक म्हणून कायम होत किंवा बाहेर पाठवले जात. उरलेल्यांना मंत्रालयातले सचिवपद किंवा परगण्याचे अंमलदारपद. लिन या उमेदवारीतून 1814 मध्ये संपादक झाला. वर दिलेल्या ओळीत हानलिन हा शब्द पदवीसारखा दिसतो, पण तो पदाच्या रकान्यात जातो.

परगण्याचा अंमलदार हे सगळ्या यंत्रणेचे शेवटचे आणि सर्वांत कष्टाचे टोक. होळकरशाहीतला कमाविसदार ज्याने वाचला आहे त्याला हे काम नवे वाटणार नाही : सारा गोळा करणे, फौजदारी आणि दिवाणी दोन्ही निवाडे करणे, बंदोबस्त पाहणे, आणि शिवाय खालच्या पायरीच्या परीक्षाही घेणे. सुमारे 1,300 परगणे होते. ते सगळे सारख्या तोलाचे नसल्याने सम्राट योंगचेंगच्या काळात प्रत्येक जागेला चारपर्यंत शेरे देण्याची पद्धत पडली : हमरस्त्यावरची, कामाचा रगाडा असलेली, साऱ्याची थकबाकी असलेली आणि लोक सांभाळायला कठीण असलेली. चारही किंवा तीन शेरे असलेली जागा महत्त्वाची, आणि अशा बहुतेक जागांसाठी महाराज्यपाल किंवा राज्यपाल आपल्या हाताखालच्या अनुभवी माणसाचे नाव सुचवीत. एक-दोन शेऱ्यांच्या किंवा शेरा नसलेल्या जागा पेकिंगहून मंत्रालय भरी, आणि तिथे पात्र उमेदवार दर महिन्याला बांबूच्या चिठ्ठ्या ओढून कुठे जायचे ते ठरवीत. चिठ्ठीची ही रीत आधीच्या मिंग घराण्यापासून चालत आलेली होती.

म्हणून चरित्रात एखाद्या परगण्याचे नाव आले, की तो परगणा कोणत्या शेऱ्यांचा होता हे शोधल्याशिवाय नेमणुकीच्या रकान्यात काही लिहू नये. पहिल्याच नेमणुकीत चिठ्ठीने साधी जागा मिळाली आणि दुसरी नेमणूक तीन शेऱ्यांच्या जागी झाली, तर मधे कोणा वरिष्ठाची नजर त्याच्यावर बसली होती एवढे निश्चित. तो वरिष्ठ कोण होता, हे शोधताना बहुधा त्याच प्रांताचा, त्याच वर्षाचा जिनशी किंवा उमेदवाराच्या परीक्षेतला परीक्षक हाती लागतो. उत्तीर्ण झालेला माणूस आपल्या परीक्षकाला आयुष्यभर गुरू मानीत असे आणि या नात्याला कारकिर्दीत मोठे मोल होते.

ज्युरनपर्यंत पोहोचून पुढे अडकलेल्यांचे काय होई? त्यांच्यासाठी चियानलोंगच्या काळापासून एक मोठी निवड ठरावीक वर्षांनी होऊ लागली. राजधानीच्या परीक्षेत वारंवार अपयश आलेल्या ज्युरनांना रांगेत उभे करून राजपुत्र आणि मंत्री त्यांची चण, चेहरा आणि बोलणे पाहून निवड करीत. वरच्या गटातल्यांना अंमलदारी आणि दुसऱ्या गटातल्यांना शिक्षणखात्यातली पदे मिळत. अनेक वर्षे निबंध घोटणाऱ्या माणसाचे भवितव्य शेवटी त्याच्या देखणेपणावर ठरावे यातला विनोद त्या काळच्या लोकांनाही जाणवत असे. झुओ झोंगतांगने ही वाट धरली नाही. राजधानीच्या परीक्षेत तीन वेळा नापास झाल्यावर त्याने 1838 नंतर परीक्षा सोडली, पुढे हुनानच्या राज्यपालाकडे खासगी सल्लागार म्हणून काम केले आणि तायपिंग युद्धाच्या काळात शिफारशींवरून 1860 नंतर त्याला मोठी पदे मिळत गेली. खासगी सल्लागार हे सरकारी पद नव्हते. ते पदाच्या रकान्यात लिहिणे ही नेहमीची चूक आहे.

दर्जाचा रकाना तुलनेने सोपा. एकूण नऊ दर्जे आणि प्रत्येकाचे वरचा व खालचा असे दोन भाग, म्हणजे अठरा श्रेणी. परगण्याचा अंमलदार सातव्या दर्जाचा, जिल्ह्याचा प्रमुख चौथ्याचा, राज्यपाल आणि महाराज्यपाल दुसऱ्याचे. अधिकाऱ्याचे जुने चित्र हाती लागले तर मुलकी पोशाखाच्या छातीवरचा चौकोन पाहावा : पहिल्या दर्जाला करकोचा, तिसऱ्याला मोर, सहाव्याला बगळा. लष्करी अधिकाऱ्यांच्या चौकोनात पशू असतात. टोपीच्या टोकावरची गुंडीही दर्जा सांगते, पहिल्याला माणिक आणि दुसऱ्याला पोवळे. मात्र पूर्वजांच्या चित्रातला दर्जा नेहमी बजावलेल्या पदाचा असतोच असे नाही. तो मानद असू शकतो, मुलाच्या कर्तबगारीवरून मृत पित्याला बहाल झालेला असू शकतो, आणि विकतही घेतलेला असू शकतो.

विकत घेण्याची गोष्ट लपवून केलेली नव्हती, ती सरकारी व्यवस्थाच होती. पैसे भरून शाही विद्यापीठाचे विद्यार्थीपद मिळे आणि त्याच्या बळावर खालच्या चाचण्या टाळून थेट प्रांतिक परीक्षेला बसता येई. युद्ध, दुष्काळ किंवा नदीच्या बंधाऱ्यांचा खर्च आला की दर्जे आणि पदेही विक्रीला निघत, आणि तायपिंग युद्धाच्या काळात, म्हणजे 1851 ते 1864, या व्यवहाराला ऊत आला. त्याच काळात ज्या प्रांतांनी मोठी वर्गणी दिली त्यांच्या परीक्षेतल्या जागाही वाढवून मिळाल्या. परिणाम असा की एकेका जागेमागे ताटकळणाऱ्या प्रतीक्षाधीन अधिकाऱ्यांची मोठी रांग लागली. एखाद्याच्या नावाला प्रतीक्षाधीन अंमलदार अशी उपाधी दिसली, तर त्याने तो परगणा चालवला असे मुळीच धरू नये. कित्येकांनी उभ्या आयुष्यात तो पाहिलाही नसेल.

शाही आयुक्त हे प्रकरण पुन्हा वेगळे. ती कामगिरी होती, स्थायी पद नव्हे. माणसाचा मूळ दर्जा आणि पद कायम राहत आणि काम संपले की कामगिरी संपे. लिन आयुक्त म्हणून कँटनला गेला तेव्हा हूग्वांगचा महाराज्यपाल होता. क्वांगतुंग-क्वांगशीचा महाराज्यपाल तो 1840 च्या आरंभी झाला. प्रांतिक परीक्षेचा परीक्षक हीसुद्धा अशीच कामगिरी. लिनने ती 1816 मध्ये आणि 1819 मध्ये पार पाडली. दोन्ही वर्षांची बाकी 1 येते, हे वाचकाने स्वतः करून पाहावे.

शेवटचा रकाना खंडाचा, आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. मुलकी अधिकाऱ्याची नेमणूक त्याच्या स्वतःच्या प्रांतात होत नसे, आणि प्रांताबाहेरही त्याच्या घरापासून 500 ली (ली म्हणजे चिनी मैल) अंतराच्या आत होत नसे. जवळचे नातलग एकमेकांच्या हाताखाली असले तर धाकट्याला बदली घ्यावी लागे. लिन फूजियानचा, म्हणून त्याच्या कारकिर्दीत फूजियानमधली एकही नेमणूक नाही. शिक्षणखात्यातल्या पदांना मात्र ही अट सैल होती, म्हणून शिक्षक आपल्याच प्रांतात दिसला तर चकित होऊ नये. आई किंवा वडील वारले की हान अधिकाऱ्याला 27 महिने पद सोडून गावी जावे लागे. ध्वजातल्यांना सुतकाची ही मुदत फार कमी होती. लिनचे वडील 1827 मध्ये वारले आणि 1830 पर्यंत त्याची नोंद रिकामी आहे; ती बडतर्फी नव्हे. झेंग ग्वोफानची आई 1852 मध्ये वारली, तो हुनानला घरी गेला आणि तिथे असतानाच त्याला तायपिंगांविरुद्ध स्थानिक फौज उभारण्याचा हुकूम आला. ती एक रजा वगळली तर त्याच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचा उगम सापडत नाही.

बडतर्फी ओळखायची तर खंडाच्या आधीचा आणि नंतरचा दर्जा शेजारी मांडावा. सुतकातून परतलेला माणूस साधारण त्याच पातळीवर परत येई. शिक्षा झालेला खालच्या दर्जावर, किंवा दूरच्या सरहद्दीवर दिसतो : लिन 1840 मध्ये पदच्युत झाला, त्याला इलीला धाडण्यात आले आणि 1845 मध्ये तो परत बोलावला गेला. दर तीन वर्षांनी होणाऱ्या कामगिरीच्या पाहणीतूनही बढत्या आणि पदावनती होत. राजधानीतल्या आणि प्रांतांतल्या अधिकाऱ्यांच्या पाहण्या वेगवेगळ्या असत. पगारावरून मात्र काही ठरवायला जाऊ नये. अंमलदाराचा नाममात्र वार्षिक पगार 45 ताएल (ताएल हे चांदीचे चिनी वजन) होता, त्यात त्याचे कारकूनसुद्धा पोसले जाणे शक्य नव्हते, आणि योंगचेंगने 1720 च्या दशकात सचोटीसाठी म्हणून दिलेला मोठा भत्ता जागेजागेला वेगळा होता.

राहता राहिली शेवटची वर्षे. आठ पायांचा निबंध 1901 च्या आज्ञेने बंद झाला. पेकिंगचे परीक्षागृह 1900 च्या धामधुमीत नष्ट झाल्याने राजधानीच्या शेवटच्या परीक्षा काइफंग शहरात झाल्या. 1904 ची अखेरची, तिचा पहिला ल्यू चुनलिन. 1905 च्या सप्टेंबरमध्ये परीक्षापद्धती रद्द झाली. तरीही 1906 किंवा त्यानंतरच्या सालाचा जिनशी चरित्रकोशात भेटतो. परदेशातून, मुख्यतः जपानमधून शिकून आलेल्यांची नवी चाचणी घेऊन सरकार त्यांना जुन्याच नावाच्या पदव्या देऊ लागले होते. अशा नोंदीला अंकांच्या बेरजेचा हिशेब लावू नये. तो माणूस कुठल्या विद्यापीठात आणि कोणता विषय शिकला ते पाहून पदवीच्या रकान्यात तेही लिहावे.